टाके कुणाचे, नाव कुणाचे?

एक

व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाचे आत्मकथन १९८५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. 'पायोनियरिंग रिसर्च इन सर्जिकल शॉक अँड कार्डिओव्हॅस्क्युलर सर्जरी : व्हिव्हियन थॉमस अँड हिज वर्क विथ आल्फ्रेड ब्लॅलॉक' असे त्याचे लांबलचक नाव. पुस्तक हाती यायच्या काही दिवस आधी, २६ नोव्हेंबर १९८५ रोजी, लेखक वारला. हृदयाच्या जन्मजात दोषावरील ज्या शस्त्रक्रियेने विसाव्या शतकातील हृदयशल्याचे दार उघडले, ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत घडवणारा हा माणूस. डॉक्टरीची पदवी त्याच्याजवळ नव्हती. महाविद्यालयात पाऊल टाकण्याइतकेही पैसे त्याच्याजवळ उरले नव्हते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाचे दलित साहित्याच्या पानांवर काय काम, असा प्रश्न कुणी करील. आपले काळ्या अमेरिकेशी नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. पण आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांची गाणी ऐकली, त्यांच्या मोर्च्यांच्या हकिकती सांगितल्या. त्यांच्यातला जो माणूस पांढरा कोट घालून सुई-दोरा हाती धरून उभा होता, त्याच्याकडे आपले लक्ष गेले नाही. विज्ञानाच्या दालनात शोषण कोणत्या रूपाने वावरते याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. म्हणून हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते.

हे पुस्तक मी काही कार्यकर्त्या मित्रांना समजावून सांगितले तेव्हा त्यांचा आक्षेप आला : "यात विद्रोह कुठे आहे? हा माणूस तर मालकाचे गुण गातो." आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

दोन

आधी हे काम काय होते ते समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हृदय हा शल्यविशारदाने हात लावायचा अवयव नाही, अशीच समजूत होती. १८९३ साली शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलात डॅनियल हेल विल्यम्स यांनी सुरा लागलेल्या एका माणसाची छाती उघडली, हृदयाभोवतीचे आवरण शिवले आणि तो माणूस जगला. विल्यम्स कृष्णवर्णीय होते. त्यांनी ते इस्पितळ १८९१ साली काढले होते, कारण काळ्या मुलींना परिचारिकेचे शिक्षण द्यायला दुसरी इस्पितळे तयार नव्हती. १८९६ साली जर्मनीत लुडविग रेन यांनी प्रत्यक्ष हृदयाच्या जखमेला टाके घालून रोगी वाचवला. तरीही जखम शिवणे वेगळे आणि हृदयाच्या आतला दोष दुरुस्त करणे वेगळे.

आतला दोष दोन प्रकारचा. एक जन्माबरोबर येणारा : पडद्याला भोक, रक्तवाहिनी अरुंद किंवा भलत्या जागी. दुसरा जन्मानंतर लागणारा, आणि त्यात मुख्य तो झडपांचा रोग. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. ती रक्ताला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. रोगाने तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्या की दार अर्धवट उघडते, रक्त फुप्फुसात तुंबते आणि माणसाला धाप लागते. १९२३ साली बोस्टनमध्ये इलियट कटलर यांनी, आणि १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी ही झडप मोकळी करण्याचा प्रयत्न केला. सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप चाचपली व सैल केली. मुलगी बरी झाली. पण त्यानंतर वैद्यांनी त्यांच्याकडे असा दुसरा रोगी पाठवलाच नाही! ही शस्त्रक्रिया पुन्हा उभी राहायला १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन यांनी आणि इंग्लंडात रसेल ब्रॉक यांनी ती यशस्वी केली.

जन्मजात दोषांचे ज्ञान ज्यांनी जमवले त्यांत दोन स्त्रिया आहेत. माँट्रियलच्या मॉड ॲबट यांना त्या स्त्री आहेत म्हणून मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने प्रवेश नाकारला. त्यांनी दुसरीकडे शिक्षण घेतले आणि त्याच मॅकगिलच्या संग्रहालयात बसून हृदयाच्या सदोष नमुन्यांचा अभ्यास केला. एक हजार रुग्णांच्या आधारे काढलेला त्यांचा ग्रंथ १९३६ साली आला. दुसऱ्या हेलन टॉसिग. त्यांना ऐकू येईनासे झाले होते, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची हालचाल बोटांनी वाचत. जी बाळे जन्मापासून निळी पडतात त्यांच्या फुप्फुसांकडे पुरेसे रक्तच जात नाही, आणि जन्मानंतर बंद होणारी एक नळी ज्यांची उघडी राहते ती बाळे जास्त जगतात, हे त्यांनी ताडले. तर मग अशी नळी मुद्दाम तयार का करू नये, हा त्यांचा प्रश्न. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली ती नळी बंद करण्याची शस्त्रक्रिया करून नाव मिळवले होते. त्यांनी या कामात रस दाखवला नाही. मग टॉसिग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्येच आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्याकडे आल्या. तेथे थॉमस होते.

म्हणजे या शास्त्राच्या मुळाशी पाहावे तर काळा शल्यविशारद, प्रवेश नाकारलेली बाई, बहिरी बाई आणि पदवी नसलेला काळा माणूस दिसतो. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या ओळीत मात्र ही माणसे सहसा नसतात.

तीन

थॉमस यांचा जन्म १९१० साली लुईझियानात झाला आणि ते नॅशव्हिलमध्ये वाढले. वडील सुतार. मुलगाही सुतारकाम शिकला आणि त्या मजुरीतून शिक्षणासाठी पैसे साठवू लागला. डॉक्टर व्हायचे हे ठरलेले होते. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, काम गेले, पुढे बँक बुडाली आणि साठवलेले पैसेही गेले. १९३० च्या फेब्रुवारीत व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत आठवड्याला १२ डॉलरवर ते कामाला लागले. थोड्याच दिवसांत प्रयोग लावणे, कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करणे, मोजमापे घेणे, नोंदी ठेवणे हे सारे ते करू लागले. नोकरीच्या कागदावर मात्र त्यांची नोंद सफाई कामगार अशी होती. हे कळल्यावर त्यांनी गोऱ्या तंत्रज्ञाइतका पगार मागितला आणि तो वाढवून घेतला.

जखमी माणसाला जो धक्का बसतो त्याचे कारण रक्तातले विष नसून रक्तवाहिन्यांबाहेर गेलेले रक्त व द्रव आहे, हे त्या प्रयोगशाळेने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य जखमींना रक्त व रक्तद्रव देऊन वाचवता आले, त्यामागे हे काम होते. १९४१ साली ब्लॅलॉक बाल्टिमोरला गेले तेव्हा त्यांनी थॉमस यांनाही नेले. जॉन्स हॉपकिन्समध्ये तेव्हा काळी माणसे सफाईसाठी नेमली जात. पांढरा कोट घालून चालणारा काळा माणूस बघायला लोक थबकत.

निळ्या बाळांसाठी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, हा मार्ग ठरला. थॉमस यांनी आधी कुत्र्यांमध्ये तो दोष निर्माण केला आणि मग तो दुरुस्त केला. सुमारे दोन वर्षे आणि दोनशे कुत्री एवढा हा खटाटोप होता. बाळाच्या धमनीजोगी सुई बाजारात मिळत नव्हती, म्हणून त्यांनी सुया तोडून, घासून, टोक काढून तयार केल्या. चिमटेही जुळवून घेतले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. चाकू ब्लॅलॉक यांच्या हाती होता. ही जोडणी त्यांनी प्रयोगशाळेत एकदाच केली होती, तीही थॉमस सोबत असताना. म्हणून थॉमस त्यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहिले, आणि टाका कुठे, कोणत्या दिशेने, किती अंतरावर, हे सांगत राहिले. मुलगी त्या दिवशी वाचली, काही महिन्यांनी मात्र गेली. पुढच्या शस्त्रक्रियांत निळे ओठ टेबलावरच लाल होताना सगळ्यांनी पाहिले आणि जगभरातून बाळे येऊ लागली.

मे १९४५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तीन रुग्णांचा अहवाल आला. लेखक ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेख नाही. शस्त्रक्रियेचे नाव ब्लॅलॉक-टॉसिग. त्या काळात पैसे कमी पडत म्हणून थॉमस ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत पेये वाटायचे काम करीत. दिवसा ज्यांना टाके घालायला शिकवले, संध्याकाळी त्यांच्याच हाती पेला द्यायचा!

चार

आता पुस्तकाकडे वळू. हे निवेदन थंड आहे. सुतार जसा लाकडाची जात, माप आणि सांधा सांगतो तसे थॉमस सांगतात. अपमानाचे प्रसंग येतात आणि एक-दोन वाक्यांत संपतात. टाक्याची हकिकत मात्र सविस्तर येते. आक्रोश नाही, शिवी नाही, उपदेश नाही. माझ्या मित्रांना यात नोकराची निष्ठा दिसली. मला वेगळे काही दिसते.

आपल्या आत्मकथनांशी हे पुस्तक ताडून पाहावे. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) निवेदक दुभंगलेला आहे. पांढरपेशात गेलेला दया आणि गावकुसाबाहेरचा दगडू एकमेकांसमोर बसतात. लक्ष्मण माने यांचा 'उपरा' (१९८०) पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालतो. या पुस्तकांत घाव शरीरावर दिसतो, म्हणून विद्रोहही शब्दांत उमटतो. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) बांबू विणणारे आईचे हात आणि लिहिणारे लेकीचे हात एकाच विणीत येतात. थॉमस यांचे पुस्तक मला 'आयदान'च्या जवळचे वाटते. हातांचे कौशल्य हीच तेथे अस्मिता आहे. "हे मी केले" असे छाती बडवून न सांगता, कसे केले ते इतके नेमके सांगायचे की दुसऱ्या कुणी केले असे म्हणायची सोय राहू नये. नोंदवही ठेवणाऱ्या माणसाचा हा विद्रोह आहे. पुरावा हे त्याचे हत्यार. दलित समीक्षेने विद्रोहाची खूण केवळ आवाजाच्या चढात शोधू नये, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. ज्याला बोलायची मुभा नव्हती त्याने जपून ठेवलेली तारीखवार नोंदही नकाराचेच रूप असू शकते.

एवढे म्हटल्यावर पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. माणसाने आपले आयुष्य लिहावे आणि त्या आयुष्याच्या नावात दुसऱ्याचे नाव असावे, ही गोष्ट लहान नाही. १९९८ साली याच पुस्तकाची आवृत्ती 'पार्टनर्स ऑफ द हार्ट' या नावाने आली. भागीदार कुणाला म्हणावे? भागीदारीत नफा-तोटा वाटून घेतात. येथे एकाच्या वाट्याला नाव, दुसऱ्याच्या वाट्याला पगार, आणि तो पगारही भांडून मिळवलेला. १९४६ च्या सुमारास ब्लॅलॉक यांनी थॉमस यांचा पगार पुष्कळ वाढवून घेतला, हे खरे. माणूस म्हणून ब्लॅलॉक दुष्ट नव्हते. पण त्या चौकटीत थॉमस यांना बसवण्यात त्यांची सोय होती, आणि ती सोय मोडायला ते कधी उभे राहिले नाहीत. थॉमस हा प्रश्न नीट विचारत नाहीत. ते ब्लॅलॉक यांचे मन समजून घेत बसतात, आणि ज्या व्यवस्थेने ते मन घडवले तिच्याशी दोन हात करीत नाहीत. बाल्टिमोरच्या काळ्या वस्तीत तेव्हा जे घडत होते तेही या पानांत फार कमी उतरले आहे. प्रयोगशाळेचे दार लावले की बाहेरचा आवाज येत नाही, तसे हे पुस्तक पुष्कळदा दार लावून घेते.

पाच

थॉमस यांचे काय करायचे, याच्या दोन रीती पुढे रूढ झाल्या. दोन्ही आपण तपासून घेतल्या पाहिजेत.

पहिली रीत देवाची. थॉमस यांनी कुत्र्याच्या हृदयात केलेले एक काम ब्लॅलॉक यांनी तपासले, टाक्यांची खूण सापडेना, तेव्हा हे जणू देवानेच केले आहे अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. २००४ साली निघालेल्या चित्रपटाचे नावही त्यावरूनच 'समथिंग द लॉर्ड मेड'. प्रेक्षक गहिवरले. मला मात्र हे कौतुक खटकते. लेखात नाव नाही, शस्त्रक्रियेत नाव नाही, आणि कौतुकाची वेळ आली तेव्हा ते श्रेयही देवाला दिले! थॉमस यांच्या बोटांत जे होते ते सुतारकामाने, दोनशे कुत्र्यांनी आणि रात्रीच्या वाचनाने आले होते. माणसाच्या श्रमाला चमत्कार म्हणणे ही श्रमाची चोरीच आहे. फुले-आंबेडकरांच्या वाटेने जाणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या लेण्या कुणी कोरल्या असे विचारले की पांडवांनी एका रात्रीत, असे उत्तर गावोगाव मिळते. हे त्याच जातीचे कौतुक.

दुसरी रीत फुगवण्याची. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यांच्या विद्यापीठात हॅमिल्टन नाकी नावाचा कृष्णवर्णीय माणूस होता. माळी म्हणून लागला, प्राण्यांच्या प्रयोगशाळेत आला, अवयवरोपणात इतका तरबेज झाला की शिकाऊ शल्यविशारद त्याच्याकडून शिकले. २००५ साली तो वारला तेव्हा नामांकित पत्रांनी छापले की पहिल्या हृदयरोपणात दात्याचे हृदय त्यानेच काढले. पुढे हे खरे नसल्याचे उघड झाले आणि पत्रांना दुरुस्त्या छापाव्या लागल्या. याचा परिणाम काय झाला? नाकीने जे खरोखर केले होते त्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. आपल्या चळवळीने यातून धडा घ्यावा. आपली माणसे मोठी दाखवण्यासाठी खोट्याचा टेकू लागत नाही. खरे तेवढे पुरे आहे, आणि खऱ्यालाच शत्रू घाबरतो. थॉमस यांची नोंदवही येथे पुन्हा उपयोगी पडते. त्यांच्या कामाचे श्रेय आज त्यांना मिळते आहे, अलीकडे शस्त्रक्रियेचे नावही ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग असे लिहू लागले आहेत, ते हातात पुरावा होता म्हणून.

सहा

काही विद्वान थॉमस यांच्या कथेचा तिसराच उपयोग करतात. पदवी नव्हती, सवलत नव्हती, तरी गुणवत्तेवर माणूस वर गेला. मग तुम्हाला राखीव जागा कशाला? ही मांडणी मी व्यासपीठांवर ऐकली आहे. तिचे उत्तर थॉमस यांच्याच आयुष्यात आहे. १९४७ च्या सुमारास त्यांनी पदवी घ्यायचे पुन्हा मनावर घेतले. इतक्या वर्षांच्या कामाची कसलीही सूट मिळणार नव्हती, पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, आणि डॉक्टर होईतो वय पन्नास झाले असते. त्यांनी नाद सोडला. ज्यांना ते शिकवीत होते त्यांच्यातले डेंटन कूली यांच्यासारखे जगविख्यात झाले. १९७१ साली जुन्या विद्यार्थ्यांनी थॉमस यांचे तैलचित्र करवून संस्थेला दिले. १९७६ साली विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, पण नियमांच्या अडचणीमुळे ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. ज्याने शल्यविशारद घडवले त्याला कायद्याचा डॉक्टर करून सोडवले! त्यांच्या प्रयोगातून दीर्घकाळ वाचलेली पहिली कुत्री ॲना, तिचेही चित्र त्या संस्थेच्या भिंतीवर आहे. गुणवत्ता होती म्हणून थॉमस वर गेले हे अर्धे सत्य आहे. गुणवत्ता होती तरी त्यांना अर्ध्या वाटेवर थांबवले, हे उरलेले अर्धे.

आणि पदवी असती तर सारे सुरळीत झाले असते काय? आपल्याकडचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कोलंबियात शिकून बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला गेले, तर त्यांना राहायला घर मिळेना आणि शिपाई दुरून कागद फेकीत. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि पडले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. या मातीत राहून गुणवत्तेची गोष्ट सांगणाऱ्याने ही निवडणूक आठवावी. पदव्या नव्हत्या त्याला पदवीने अडवले, पदव्या होत्या त्याला जन्माने अडवले.

बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. वैद्यकात याचे रूप पाहायचे तर आपल्या इस्पितळांचे शवविच्छेदनगृह पाहावे. प्रेत उचलणारा, कवटी फोडणारा, छाती उघडणारा आणि पुन्हा शिवणारा माणूस बहुधा सफाई कामगार असतो, आणि त्याची जात विचारावी लागत नाही. डॉक्टर पाहतो, लिहितो, सही करतो. हातांना दिसलेले ज्ञान हातांच्या नावावर जमा होत नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. बर्नार्ड यांच्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला, पण महापालिकेच्या इस्पितळात, गरिबांच्या वॉर्डाशेजारी, हे धाडस झाले याचा अभिमान वाटावा. त्यामागे कुत्र्यांवरच्या प्रयोगांची अनेक वर्षे होती. त्या कुत्र्यांना धरणारे, भूल उतरेपर्यंत जागणारे, रक्त पुसणारे, उपकरणे उकळून ठेवणारे हातही तेथे होते. भारतीय शल्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हजेरीपटावरची ती नावे शोधली पाहिजेत. सेन यांचा मोठेपणा त्याने उणावत नाही. वेल्लोरला १९६१ साली डॉ. गोपीनाथ यांनी उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया केली, त्रिवेंद्रमला श्री चित्रा संस्थेने देशी झडप बनवली व १९९० साली ती पहिल्यांदा रोग्याला बसवली. या साऱ्या यशाला हेच लागू आहे.

सात

नावाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो संपला म्हणजे सारे संपले असे नाही. दुसरा प्रश्न रोग्याचा. हृदयाच्या झडपा ज्या तापाने बिघडतात तो सांध्यांचा ताप गरिबीचा सोयरा आहे. मुलाचा घसा दुखतो. घशात एक विशिष्ट जंतू असतो. उपचार झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी काहींना ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, आणि शरीराने जंतूशी लढायला उभी केलेली शक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. हा रोग सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असे वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. पाच ते पंधरा वर्षांची मुले त्याची गिऱ्हाइके. एका खोलीत सात माणसे निजतात तेथे जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो. युरोप-अमेरिकेत घरे सुधारली तशी पेनिसिलिन येण्याआधीपासूनच या रोगाला ओहोटी लागली, आणि पेनिसिलिनने उरलेले काम केले. आपल्याकडे तो टिकला. हा इतिहास शल्यविशारदांच्या चरित्रांत सापडत नाही, कारण त्यात शूर नायक नाही. त्यात घर आहे, हवा आहे, आणि स्वस्त इंजेक्शन आहे.

मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षक आहे. अर्जुनी-मोरगाव, देवरी, सालेकसा या भागांत धानाची रोवणी, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि विडीचे सूप यांवर घरे चालतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाईला धाप लागली तर ती अशक्तपणा म्हणून सोडून दिली जाते. माझ्या नात्यातल्या एका विड्या वळणाऱ्या मावशीची धाप अशीच कित्येक वर्षे दम्याच्या गोळ्यांवर काढली गेली. झडप अरुंद झाल्याचे कळले ते बाळंतपणात, जीवावर बेतले तेव्हा. ही एकटीची कथा नव्हे. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, आणि तोवर लपलेला रोग त्या वेळी उघडा पडतो. स्त्रीच्या दुखण्याला आधी काम आणि मग नशीब म्हणायची आपली रीत या रोगाला फार सोयीची आहे. यात आपल्या वस्तीतले पुरुषही दोषी आहेत, हे लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. जन्मजात हृदयदोष आणि सांध्यांच्या तापाने झालेला हृदयरोग या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. २०१६ पासून गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाच्या योजनेतून हृदयाच्या शस्त्रक्रियाही होतात. कागदावरचे हे हक्क खरे आहेत आणि ते भांडून मिळालेले आहेत. पण छातीला नळी लावून पुटपुटणारा आवाज ऐकला गेला, चिठ्ठी मिळाली, आणि मग नागपूरची गाडी धरायची, सोबत कुणी जायचे, तितके दिवस मजुरी बुडवायची, या प्रत्येक पायरीवर एकेक मूल गळते. ज्याला एकदा तो ताप येऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, म्हणजे झडप आणखी बिघडत नाही. हे काम कुणा कीर्तिवंत शल्यविशारदाचे नाही. ते गावच्या आरोग्यसेविकेचे, आशा ताईचे आणि तारीख लक्षात ठेवणाऱ्या शिक्षकाचे आहे. त्यांचीही नावे कुठे छापली जात नाहीत.

आठ

थॉमस यांच्या पुस्तकाकडून आपण काय घ्यायचे? माझ्या मते, नोंद ठेवण्याची शिस्त. आपल्या वस्तीतल्या सफाई कामगाराने, शवविच्छेदनगृहातल्या नोकराने, परिचारिकेने, दाईने, प्रयोगशाळेत काचा धुणाऱ्या माणसाने आपले काम लिहावे. नसेल लिहिता येत तर आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याशेजारी बसून ते उतरून घ्यावे. दलित आत्मकथनाने भूक, अपमान आणि स्थलांतर लिहिले. कौशल्य अजून पुरेसे लिहिलेले नाही. आमच्या विदर्भातला महार जाडेभरडे कापड विणीत असे. त्या मागावरचे ज्ञान कुठल्या पुस्तकात गेले? आपली वेदना वाचून समाज हळहळतो, पण आपले ज्ञान वाचले तर त्याला हिशेब द्यावा लागेल.

शिक्षकांसाठी एक कामही सुचवतो. आपापल्या शाळेत हृदयतपासणीत ज्या मुलांची चिठ्ठी निघाली त्यांची वही करावी : तारीख, कुठे पाठवले, गेले की नाही, का गेले नाही, इंजेक्शन कधी. मुलांची नावे जपावी, आकडे मात्र मांडावे, आणि ग्रामसभेत व जिल्हा परिषदेत ती वही टेबलावर ठेवावी. भाषणाला उत्तर देणे अधिकाऱ्यांना सोपे जाते. तारीखवार नोंदीला उत्तर देणे कठीण जाते.